कोऱ्या कापडाला लावलेलं बोट

शरयूताई, तुमचं कपाट आवरायला भावोजींनी मलाच बोलावलं. दुसरं होतं कोण म्हणा. तुमचा मुलगा दहा दिवस राहून पुण्याला परत गेला, आणि विमानतळावर निघताना मला म्हणाला, "मावशी, आईच्या कापडांचं तेवढं बघशील ना?" तेवढं! ज्याने ते कपाट एकदा तरी उघडलंय, तो "तेवढं" म्हणायचा नाही. तीन दिवस झाले, ग्योतोकुतल्या तुमच्या घराच्या त्या आतल्या खोलीत मी जमिनीवर बसून घड्या उलगडतेय आणि परत घालतेय. कांचीचं रेशीम एका बाजूला, कलमकारी दुसऱ्या बाजूला, चटया भिंतीशी. माझे गुडघे कामातून गेले. काल माझी ईरा शाळेतून थेट तिथेच आली आणि दारात उभी राहून जपानीत विचारते, "अजून नाही संपलं?" मी म्हटलं, "नाही संपलं. आणि तुझी शरयूआजी असती ना, तर आधी पाय धुऊन ये म्हणाली असती." तर पोरगी एकदम घळाघळा रडायला लागली. मग मीही रडले.

तोवर मी रडलेच नव्हते. वेळ कुठे होता? तुम्ही गेलात त्याला पंधरवडा झाला, आणि हा पंधरवडा मी नुसती खिडक्यांपुढे उभी आहे. सिटी ऑफिसची खिडकी, विम्याची खिडकी, बँकेची खिडकी. तुमचं रेसिडेन्स कार्ड परत करायचं होतं, तेही मीच केलं. प्रत्येक खिडकीतली व्यक्ती हळू आवाजात विचारते, गेलेल्या व्यक्तीशी आपलं नातं काय? आणि मी दर वेळी तेच उत्तर देते. नातं नाही, मी दुभाषी आहे.

मी फार दमलेय, ताई. नुसत्या फॉर्मांनी दमले असते तर एक रात्र झोपून उठले असते. पण तुमच्यापासून मी एक गोष्ट लपवलीय, सहा वर्षं. ती तुम्हाला सांगायची होती आणि सांगितली नाही. आता तुम्ही ऐकायला नसताना सांगायला बसलेय, यातला शहाणपणा मला कळतोय. तरी ऐका.

आपली ओळख आठवते? स्टेशनजवळच्या त्या सुपरमार्केटात. ईरा बाबागाडीत होती आणि मी तिच्यावर मराठीत तोंडाचा पट्टा सोडला होता, कारण इथे कुणाला काय कळतंय! मागून आवाज आला, "अगं, हळू. इथेही मराठी कळणारं एखादं निघतं." वळून बघते तर इरकली खणाचा कुडता, त्यावर फुगलेलं जाकीट आणि काखेत तो इथला हातभर लांब मुळा. मी ओशाळून म्हटलं, "सॉरी काकू." तर तुम्ही म्हणालात, "काकू नाही म्हणायचं. काकू म्हटलं की लोक लगेच कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारतात. ताई म्हण." त्या दिवसापासून ताई. अहो-जाहो मात्र सुटलं नाही, आणि तुम्हीही कधी सोड म्हणाला नाहीत.

तुम्ही मुंबईची बँकेतली नोकरी सोडून भावोजींच्या पोस्टिंगबरोबर आला होतात. दोन वर्षांचं पोस्टिंग वाढत वाढत बारावर गेलं. इतर बायकांनी जपानी शिकून घेतलं, इकेबाना केलं, योगाचे वर्ग काढले. तुम्ही दर जानेवारीत एक रिकामी बॅग घेऊन नारिताहून चेन्नईला जायचात आणि ती भरून आणायचात. आधी स्वतःसाठी, मग तोयोसुतल्या आपल्या बायकांसाठी, मग ज्याला हवं त्याच्यासाठी. तिसऱ्या वर्षी मला म्हणालात, "चल गं, पिशव्या धरायला कुणीतरी हवं." घरी नितीनने सुट्टी टाकली, ईराला त्याच्या गळ्यात घातलं, आणि आले मी.

पहिल्याच दिवशी ड्रायव्हरने आपल्याला कांचीपुरमच्या एका भल्यामोठ्या शोरूमपाशी नेऊन उभं केलं. काचेचं दार, आत गारेगार, दारात गुलाबपाणी शिंपडायला एक बाई. सेल्समनने फटाफट वीस साड्या उलगडल्या. मी खुळ्यासारखी बघत राहिले. तुम्ही एकीचा पदर उचललात, कानाशी नेऊन मुठीत चुरगळलात आणि ठेवून दिलात. "हिला आवाजच नाही. चल." बाहेर येऊन त्या ड्रायव्हरला स्वच्छ मराठीत झापलंत. "बाबा रे, तुझं कमिशन तुला मी देते, पण मला जिथे माग आहे तिथे ने." त्याला मराठीचा गंध नव्हता. तरी त्याने मान खाली घातली आणि गाडी बरोबर गल्लीत घातली. कमाल होती तुमची.

तिथे सेल्वी अक्का होती. बाहेरच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, त्यात पाय सोडून ती बसलेली. तुम्ही तिच्या शेजारी फतकल मारलीत आणि सुरू झालात. "अक्का, कड जरा बारीक घे बाई. तिकडच्या बायकांना एवढी रुंद नको. आणि हा मोरपंखी फार भडक झाला, जरा दबता कर." मी आपली फोनवर भाषांतराचं ॲप उघडून अक्कापुढे धरत होते. तिने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदराआड हसली. तुम्ही म्हणालात, "ठेव तो फोन आत. तिला कळलंय." आणि अक्का तमिळमध्ये जे काही लांबलचक बोलली त्यावर तुम्ही "हो ना, तेच म्हणते मी" असं उत्तर दिलंत. मला वाटलं, आता होणार घोटाळा. पुढल्या वर्षी कापड हातात आलं, तर कड बारीक आणि मोरपंखी दबता. मी हात टेकले.

आणि ते कापड देताना अक्काने काय केलं? एका टोकाचा कोपरा उलटा केला, हळदीत बोट बुडवलं आणि एक टिपका लावला. तुमचा चेहरा असा काही फुलला! "अगं मुग्धा, आपल्यासारखंच!" तुम्ही पर्समधून कुंकवाची डबी काढलीत आणि त्या हळदीशेजारी आपलं बोट टेकलंत. पिवळं अक्काचं, तांबडं तुमचं. अक्काने तुमचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मी कॉफीचा पेला धरून बसले होते, कारण मला काय करायचं ते समजेना. आमच्या घरीही आई नव्या साडीला हळदकुंकू लावल्याशिवाय नेसू द्यायची नाही. मी मात्र ते केव्हाच सोडून दिलं होतं. साडीच नेसत नव्हते, लावणार कशाला?

मग दर वर्षी तेच. कालहस्तीला त्या कलमकारीवाल्यांच्या अंगणात तुम्ही कापड नाकाला लावून हुंगायचात, हिरडा आणि दुधाचा तो आंबूस वास आला की खूश. पट्टमडैला गवताच्या चटया विणणाऱ्या बायकांत बसून तुम्ही त्यांच्या सुना आणि जावांची चौकशी करायचात, मराठीत. संध्याकाळी लॉजवर मी हिशेबाने रंग, लांबी, कापूस की रेशीम असं सगळं फोनमध्ये टिपायची, आणि तुम्ही सांगायचात, "हे सेल्वीचं. हे त्या खोकणाऱ्या बाईचं. हे जिची मुलगी नर्स झाली तिचं." मी म्हणायची, "ताई, जपानी लोकांना मापं लागतात, धुवायचं कसं ते लागतं." तुम्ही म्हणायचात, "मग त्यांना टॉवेल घेऊ देत."

आपली भांडणं तरी किती! साडी कापून ओबी करायचा, किमोनोवरचा तो कमरेचा पट्टा, हे मला पटत नव्हतं. तीन महिने एक बाई मागावर बसते आणि आपण त्याला कात्री लावायची? तुम्हाला त्यात काहीच वाटायचं नाही. "कापू दे की. कापड कापायलाच असतं. साडी काय वरून सहा वार मापून आलीय? जिथे जाईल तिथल्यासारखं होऊ दे त्याला." मी म्हणायची, तुम्हाला भावनाच नाहीत. तुम्ही म्हणायचात, "तुला भावना आहेत आणि मला कामं आहेत." ते भांडण तसंच राहिलं.

आता ओगावा-सानचं. इचिकावातलं तिचं किमोनोचं छोटं दुकान. तुम्हाला आधी तीच भेटली, ट्रेनमध्ये, तुमच्या शालीला हात लावू का म्हणून विचारत. तुमचं जपानी म्हणजे "सुमिमासेन" आणि "दाइजोबु", माफ करा आणि चालेल, एवढे दोनच शब्द. पुढचं बोलायला तुम्ही मला नेलंत. तिने खास ओबीसाठी रेशमाचे तुकडे मागितले, वसंतातल्या प्रदर्शनासाठी. तुम्ही अक्काकडून ते विणून आणलेत. आणि त्याच सुमारास ओगावा-सानने मला विचारलं होतं, आठवड्यातून तीन दिवस दुकानात याल का? ताई, तोवर पाच वर्षं मी कोनबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, तासांवर अरुबाइतो करत होते. ओनिगिरी, ते भाताचे गोळे, रांगेत लावायचे, येणाऱ्याला वाकून या म्हणायचं. पुण्यात एमए झालेली मी. या देशात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे कामाचं माणूस म्हणून पाहिलं होतं. डोळ्यांत प्राण आणून मी त्या नोकरीची वाट बघत होते. हे तुम्हाला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

त्या दिवशी दुकानात ओगावा-सानने जमिनीवरच्या ताटामीच्या चटईवर पांढरं कापड अंथरलं, हात पुसले आणि एकेक तुकडा उलगडायला लागली. पहिल्याच्या टोकाशी तिचा हात थांबला. हळद आणि कुंकू. दुसरा उलगडला, तिथेही. तिसरा, तिथेही. तिने तुकडे एका रेषेत लावले, डाग सगळे एका बाजूला आले, आणि माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "हे काय असावं?" तुम्ही मात्र आनंदात. गुडघ्यावर पुढे सरकलात आणि म्हणालात,

"सांग तिला. कोरं कापड आम्ही कुणाच्या अंगावर घालत नाही. पिवळं बोट विणणारीचं, तांबडं माझं. आता तिसरं तिचं. तिच्याकडे जे काही असेल त्याचं लावू दे म्हणावं. मग ते ज्या मुलीच्या कमरेला जाईल तिचं भलं होईल."

ताई, मी तिला काय सांगितलं ते आता ऐका. मी वाकले, कपाळ ताटामीला टेकेपर्यंत, आणि म्हटलं, "मनापासून माफी मागते. या आता वयस्कर झाल्या आहेत. स्वयंपाकातून उठून तसेच हात लागले असावेत. निष्काळजीपणा झाला. पुढच्या वेळेपासून मी स्वतः तपासून आणीन."

मला लाज वाटली होती. तुमची. त्या पांढऱ्या कापडावर आपले ते हळदीचे हात, असं वाटलं मला. दुसरं काही कारण नाही. नोकरीचं कारण मी नंतर स्वतःला सांगत राहिले, पण त्या क्षणी नोकरीही डोक्यात नव्हती. नुसती लाज होती.

ओगावा-सान ताबडतोब म्हणाली, छे छे, कडा तर शिवणीत आतच जातात, अजिबात काळजी नको. आणि तुमच्याकडे वळून खूप खाली वाकली. आजीला सांभाळून घेतात ना, तशी. तुम्हाला ते वाकणं वेगळंच दिसलं. बाहेर पडताच माझा दंड धरून म्हणालात, "बघ, कळलं तिला! सगळं पोचवलंस ना?" मी म्हटलं, "हो." तुम्ही म्हणालात, "कसं डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या." तिच्या डोळ्यांत काही आलं नव्हतं. मी तुम्हाला तेही सांगितलं नाही.

मग तुम्ही ती गोष्ट सगळ्यांना सांगत सुटलात. तोयोसुच्या गणपतीत, हळदीकुंकवाला, कुणाच्या डोहाळजेवणात. माझ्या पाठीवर हात ठेवून. "अहो, दुसरी कुणी असती तर घाबरून सॉरी म्हणून मोकळी झाली असती. हिने माझा शब्द न् शब्द त्या बाईपुढे ठेवला." बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. मी मूग गिळून बसायची आणि समोरची चकली मोडत राहायची.

आणि तुम्ही बोट लावायचं थांबवलं नाहीत. थांबवणार कशाला? उलट आता जास्तच प्रेमाने लावायला लागलात. मी एकदा धीर करून म्हटलं, "ताई, इथल्या कापडांना राहू दे ना. त्यांना नाही ते समजत." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "समजत नाही कसं? तूच तर समजावलंस." झालं. माझं तोंड मीच बंद करून ठेवलं होतं.

तेव्हापासून दर वर्षी तुमची बॅग आली की मी म्हणायची, मी दुकानात कामाला जातेच आहे, द्या, मी नेते. घरी आणायची. ईरा शाळेत, नितीन ऑफिसात. जेवणाच्या टेबलावर तुकडा पसरायचा, पट्टी ठेवायची, आणि टोकाची दोन बोटं रुंदीची पट्टी सरळ कापून काढायची. अक्काचं आणि तुमचं, दोन्ही. कापल्यावर धागे सुटू नयेत म्हणून कडेला टाके घालायची. तुम्ही लावायचात आणि मी कापायची. कापडाला कात्री लावायची नाही म्हणून तुमच्याशी भांडणारी मी. ओगावा-सानला नीट कापलेल्या, स्वच्छ कडा मिळायच्या आणि ती म्हणायची, मुग्धा-सान असली की निर्धास्त असतं. तुम्ही दुकानात आलात की ती तुम्हाला उशी द्यायची, चहा द्यायची, आणि कापडाला हात लावायची वेळ आली की हळूच ते माझ्याकडे सरकवायची. तुम्हाला वाटायचं, केवढा मान देते. मी तुमच्या दोघींच्या मध्ये बसून दोन्हीकडचं गोड बोलणं इकडून तिकडे करायची. त्याने माणूस दमतो, ताई. शेतात राबून दमत नसेल एवढा.

या जानेवारीत तुम्ही चेन्नईला गेला नाहीत. फेब्रुवारीत हॉस्पिटल. तिथेही मीच मध्ये. डॉक्टर शांतपणे सांगत होते, भावोजी खिडकीकडे तोंड करून उभे, आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी एकही शब्द गाळला नाही. आता उपचार त्रास कमी करण्यापुरतेच, असं त्यांनी सांगितलं, तसंच मी सांगितलं. माझा आवाजही हलला नाही. डॉक्टर गेल्यावर तुम्ही म्हणालात, "बरं झालं सरळ सांगितलंस. दुसऱ्या कुणी साखर घातली असती त्यात. तू माझ्यासाठी कधी काही इकडचं तिकडे केलं नाहीस."

मी म्हटलं, "ताई..."

तुम्ही म्हणालात, "काय गं?"

किती वेळ वाट पाहिलीत तुम्ही. उशीवर मान वळवून, भुवया जरा वर करून, चहात आलं घालू का विचारताना बघायचात तसं. मी म्हटलं, "पाणी हवंय का?" तुम्ही हो म्हणालात. मी पाणी दिलं. त्यानंतर अकरा दिवस मी रोज आले. रोज कपडे बदलले, केस विंचरले, अक्काला व्हिडिओ कॉल लावून दिला. ती तमिळमध्ये रडत होती आणि तुम्ही मराठीत तिची समजूत काढत होतात. मी सांगितलं नाही.

परवा दुपारी ओगावा-सान आली. काळे कपडे, हातात पांढरी फुलं. भावोजींनी खुर्ची पुढे केली, पण ती तुमच्या फोटोपुढे पट्टमडैच्या चटईवरच गुडघे टेकून बसली. खूप वेळ हात जोडून होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शरयू-सान फार गोड होत्या. हात साथ देत नव्हता तरी किती कष्टाने सगळं आणायच्या. पहिल्या वेळचे ते डाग, त्यांना केवढं ओशाळल्यासारखं झालं असेल. मी तेव्हा अजून काही मायेचं बोलायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं."

भावोजी शेजारी बसून मान हलवत होते. त्यांचं जपानी ऑफिसपुरतं आणि स्टेशनपुरतं. त्यांना वाटत होतं, ती तुमचं काहीतरी चांगलं सांगतेय. तसं ती चांगलंच सांगत होती. तुम्ही हात न धुता कापडाला हात लावणाऱ्या एक बिचाऱ्या म्हाताऱ्या होतात, असं ती अतिशय प्रेमाने सांगत होती. आणि तुम्ही फोटोत हसत होतात. मला ते सहन झालं नाही.

मी म्हटलं, "ते डाग नव्हते." आणि पुढचं सगळं सांगितलं. तुमचं वाक्य मला पाठ होतं. सहा वर्षांत विसरले नव्हते. कोरं कापड अंगावर घालत नाहीत. पिवळं बोट विणणारीचं, तांबडं शरयूताईंचं. तिसरं तुमचं, तुमच्याकडे जे असेल त्याचं. आणि हे त्यांनी सांगितलं होतं, मी तुम्हाला सांगितलं नाही. मी खोटं बोलले. मला त्यांची लाज वाटली म्हणून.

ओगावा-सान म्हणाली, "तिसरं माझं?"

"हो."

"नंतरच्या कापडांवरही होतं?"

"प्रत्येक कापडावर. मी कापून आणायची."

"त्या पट्ट्यांचं तुम्ही काय केलंत?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. खरं तेच सांगितलं. जळणाऱ्या कचऱ्यात टाकल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी येते, सकाळी आठच्या आत पिशवी खाली नेऊन ठेवायची असते. तसं ठेवत गेले.

तिने डोळे मिटले. रागावली असती तर बरं झालं असतं. ती तुमच्या फोटोकडे वळली आणि वाकली, आणि तशीच राहिली. गिऱ्हाइकांपुढे वाकताना मी तिला नेहमी बघते. असं वाकताना पाहिलं नव्हतं. जाताना तिने मला एकच विचारलं, सोमवारी दुकानात येणार आहात ना? ते खरंच विचारलं की नुसती रीत म्हणून, मला अजून उमगलेलं नाही.

ती गेल्यावर भावोजी म्हणाले, "काय झालं गं? एवढं काय बोललात दोघी?"

किती सोपं होतं. काही नाही भावोजी, ताईंची आठवण निघाली, एवढं म्हटलं असतं की संपलं. जिभेवर आलं होतं. पण मी त्यांनाही सांगितलं. दुकान, माफी, कात्री, कचरा, सगळं. ते माझ्याकडे न बघता ऐकत होते. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "तिला का नाही सांगितलंस? रागावली असती. दोन दिवस बोलली नसती तुझ्याशी. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन तुझ्या दारात आली असती, आणि तुलाच धरून त्या बाईकडे घेऊन गेली असती, सगळं पहिल्यापासून सांगायला." आणि मग ते रडले, ताई. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, "किती आवडलं असतं तिला ते."

हे मला माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं. तुमच्या रागाला मी कधी भ्यायलेच नाही. चारचौघांत माझ्या पाठीवर हात ठेवून तुम्ही ज्या मुग्धाबद्दल सांगायचात ना, ती मला फार आवडायला लागली होती. ती कधी नव्हतीच, हे तुम्हाला कळू नये, एवढ्यासाठी मी गप्प बसले.